परदेशातल्या इंटरनॅशनल स्कूलमध्ये परकीय भाषा शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन, मँडरिन किंवा अशीच एखादी भाषा परदेशातल्या इंटरनॅशनल स्कूलच्या माध्यमिक वर्गांना शिकवणारे, आणि शिकवायला निघालेले, जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. कोणतंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एक गोष्ट मात्र बऱ्याच उत्तरांत डोकावेल: या नोकरीतल्या निम्म्या अडचणी मुलाला चुकीच्या पातळीवर बसवल्यामुळे उभ्या राहतात आणि मग दोन वर्षं शिक्षकाच्या पद्धतीवर खापर फुटत राहतं.

१. इंटरनॅशनल स्कूलमध्ये ‘परकीय भाषा’ म्हणजे नेमकं काय? इंग्रजीही त्यातच येते का?

बहुतेक शाळांत नाही. शिकवण्याचं माध्यम इंग्रजी असतं आणि ज्यांचं इंग्रजी कच्चं आहे त्यांच्यासाठी वेगळा विभाग असतो. परकीय भाषा विभागाकडे फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन, मँडरिन वगैरे येतात. शाळा ज्या देशात आहे तिथली भाषा काही ठिकाणी याच विभागात असते. काही ठिकाणी ती सरकारी नियमाने सक्तीची, म्हणून वेगळी. मातृभाषेचे तास हा आणखी तिसरा प्रकार. मुलाखतीतच विचारून घ्या की यातलं काय तुमच्या वाट्याला येणार. ‘फ्रेंच शिक्षक’ म्हणून गेलेल्यांना फ्रेंच मातृभाषेच्या मुलांचे साहित्याचे तास मिळाल्याची उदाहरणं कमी नाहीत आणि ते काम पूर्ण वेगळं आहे.

वयोगट साधारण ११ ते १८. अभ्यासक्रम तीन घराण्यांतले: ब्रिटिश (सोळाव्या वर्षाच्या सुमाराची आयजीसीएसई परीक्षा आणि अठराव्याची ए लेव्हल), आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट (साधारण सोळाव्या वर्षापर्यंत एमवायपी आणि शेवटची दोन वर्षं डिप्लोमा म्हणजे डीपी) आणि अमेरिकन (हायस्कूल क्रेडिट आणि एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट). दोन घराण्यांची सरमिसळ करणाऱ्या शाळा भरपूर. सोळाव्या वर्षापर्यंत आयजीसीएसई आणि पुढे आयबी डीपी ही जोडी तर नेहमीचीच.

२. कोणती पात्रता लागते? ती भाषा माझी मातृभाषा नसेल तर संधी असते का?

तीन गोष्टी पाहिल्या जातात: त्या भाषेतली (किंवा भाषा मुख्य विषय असलेली) पदवी, शिक्षक म्हणून मान्यताप्राप्त पात्रता, आणि साधारण दोन वर्षांचा अनुभव. पात्रतेत बी.एड., पीजीसीई (पदवीनंतरचा ब्रिटिश शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम), एखाद्या देशाचा किंवा अमेरिकन राज्याचा शिक्षक परवाना हे सगळं चालू शकतं. एक गफलत वारंवार होते. ऑनलाइन मिळणाऱ्या ‘आयपीजीसीई’ने (पीजीसीईची आंतरराष्ट्रीय आवृत्ती) इंग्लंडचा क्यूटीएस हा शिक्षकाचा दर्जा मिळत नाही. काही शाळांना आयपीजीसीई पुरतं. पण शाळेला ते पुरलं तरी त्या देशाच्या व्हिसा खात्याला पुरेलच असं नाही.

मातृभाषा नसण्याचा अडसर शाळेपेक्षा व्हिसाच्या नियमांत जास्त असतो. उदाहरणार्थ, चीनमध्ये भाषा शिक्षकाने तत्त्वतः स्वतःची मातृभाषाच शिकवावी असा दंडक आहे. जिथे असा नियम नाही तिथे सी१ किंवा सी२ (ए१ ते सी२ या युरोपीय चौकटीतल्या सगळ्यात वरच्या दोन) पातळीचं अधिकृत प्रमाणपत्र हाताशी ठेवा: फ्रेंचसाठी डाल्फ, जर्मनसाठी ग्योथे, स्पॅनिशसाठी डेले. मुलाखतीत दहा मिनिटं त्या भाषेत बोलायला लावतात, तेव्हा प्रमाणपत्र जुनं असेल तर आधी जीभ मोकळी करून घ्या.

आणखी एक व्यवहार सांगतो. लहान शाळेत एका भाषेचे पूर्ण वेळाचे तास भरत नाहीत. त्यामुळे एक भाषा अठराव्या वर्षाच्या मुलांपर्यंत आणि दुसरी निदान चौदाव्यापर्यंत शिकवू शकणारा उमेदवार, एकाच भाषेत फार हुशार असलेल्यापेक्षा पुढे जातो.

३. भरती कधी होते आणि कागदपत्रं कोणती तयार ठेवायची?

शैक्षणिक वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या शाळा आदल्या ऑक्टोबरपासून जाहिराती देऊ लागतात. जानेवारी-फेब्रुवारी हा सगळ्यात धामधुमीचा काळ. एप्रिलनंतर निघणाऱ्या जागा बहुधा कुणी अचानक सोडून गेल्याच्या असतात. त्या वाईटच असतात असं नाही, पण ‘आधीचे शिक्षक का गेले’ हे सरळ विचारावं. दक्षिण गोलार्धात वर्ष जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतं, म्हणून हे चक्र सहा महिने सरकतं.

कागदांत सगळ्यात जास्त वेळ खातं ते पदवीचं प्रमाणीकरण. १९६१ च्या हेग करारात असलेल्या देशांत अपोस्टिलचा (कागद खरा असल्याच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा) एक शिक्का पुरतो; करारात नसलेल्या देशासाठी वकिलातीची पूर्ण साखळी पार करावी लागते. चीनमध्ये हा करार ७ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाला, तेव्हा त्याआधीची माहिती वाचून तयारी करू नका. पोलिसांचा दाखला केवळ सध्याच्या देशाचा चालत नाही. मागच्या काही वर्षांत जिथे जिथे राहिलात त्या प्रत्येक देशाचा मागतात. देश सोडण्याआधीच तो काढून ठेवला तर पुढचे फेरे वाचतात. दोन-तीन संदर्भ लागतात, त्यातला एक सध्याच्या मुख्याध्यापकांचाच. ‘मित्र-सहकारी’ एवढ्यावर बालसुरक्षेची तपासणी पुरी होत नाही.

४. करारात पगाराशिवाय काय पाहावं?

आठवड्याला प्रत्यक्ष किती तासिका, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे किती वेगवेगळ्या वर्गांची तयारी. २२ तासिका पाच वर्गांच्या असणं वेगळं आणि अकरा वर्गांच्या असणं वेगळं. भाषा शिक्षकाला दुसरं टोक नेहमी वाट्याला येतं, कारण त्या भाषेचा तो एकटाच असतो. तोंडी परीक्षांच्या काळात तुमचे इतर तास कोण घेणार हे लेखी असावं (का, ते प्रश्न ११ मध्ये). स्वतःची खोली मिळणार की वर्गावर्गात फिरायचं, हेही विचारा. घरभाडं, विमानाचं तिकीट, आरोग्यविमा आणि नोकरी संपताना मिळणारी रक्कम हे मुद्दे सगळ्या विषयांना सारखेच, त्यावर इथे जागा घालवत नाही.

५. आयजीसीएसई, एमवायपी, डीपी आणि एपी: भाषेच्या बाबतीत फरक काय?

केंब्रिज आयजीसीएसईच्या ‘फॉरेन लँग्वेज’ला (फ्रेंच ०५२०, जर्मन ०५२५, स्पॅनिश ०५३०) ऐकणं, वाचणं, बोलणं, लिहिणं असे चार पेपर आणि प्रत्येकाला २५ टक्के वजन. पातळी युरोपीय चौकटीत साधारण ए२ ते बी१. मातृभाषेसारखी भाषा येणाऱ्यांसाठी ‘फर्स्ट लँग्वेज’ हा वेगळा विषय आहे. दोन्हींचा गोंधळ करू नये.

एमवायपीमध्ये वर्षानुसार इयत्ता असली तरी भाषा ‘फेज’नुसार चालते. सहा फेज आहेत आणि मूल कोणत्याही इयत्तेत कोणत्याही फेजला असू शकतं. ऐकणं, वाचणं, बोलणं, लिहिणं या चार निकषांवर प्रत्येकी ८ पैकी गुण. कागदावर हे फार सुंदर. वेळापत्रकात मात्र सगळ्या फेजसाठी वेगळे तास सहसा मिळत नाहीत, आणि मग प्रश्न ८ उभा राहतो.

डीपीमध्ये तीन वाटा: लँग्वेज ए (मातृभाषेसारखी; साहित्य किंवा भाषा-साहित्य), लँग्वेज बी (आधी शिकलेली भाषा; स्टँडर्ड म्हणजे एसएल आणि हायर म्हणजे एचएल अशा दोन पातळ्या) आणि अब इनिशियो (पाटी कोरी असलेल्यांसाठी; फक्त स्टँडर्ड). स्टँडर्डला दोन वर्षांत १५० तास, हायरला २४० तास धरलेले आहेत. एपी ही अमेरिकन पद्धतीतली एका वर्षाची वरच्या पातळीची परीक्षा, गुण १ ते ५.

६. डीपीमध्ये मुलाला अब इनिशियो, बी एसएल की बी एचएल? पालक सोपं मागतात, काय करावं?

हा निर्णय डीपी समन्वयकाबरोबर, लेखी पुराव्यासह घ्यायचा. पालकांची फर्माईश हा पुरावा नव्हे. अब इनिशियो म्हणजे भाषेचा अनुभव शून्य किंवा अगदी नाममात्र. तीन वर्षं फ्रेंच शिकून सगळं विसरलेलं मूल कोऱ्या पाटीचं नसतं. ‘विसरलो’ म्हणणारी मुलं सहा आठवड्यांत वर येतात आणि खरोखरची नवशिकी मुलं त्यांच्यापुढे हबकतात.

ढोबळमानाने अब इनिशियो संपताना ए२, बी एसएलला बी१, आणि एचएलला बी२ च्या उंबरठ्यापर्यंत पोचणं अपेक्षित धरा. म्हणून सुरुवातीलाच आयजीसीएसई चांगल्या ग्रेडने पार केलेलं मूल बी एसएलला सुखात बसतं. एचएलसाठी त्याला वाचनाची आवड आहे का हे आधी पाहावं, कारण एचएलची तोंडी परीक्षा साहित्यावर असते.

अडनिडी प्रकरणं बरीच असतात. काही नेहमीची अशी:

शाळा असलेल्या देशात पाच वर्षं राहिलेलं, पण तिथली भाषा वर्गात कधी न शिकलेलं मूल. बाजारात बोलतं, लिहिता येत नाही. अब इनिशियोत बसवणं चूक. बी एसएलला बसवून पहिले तीन महिने लेखनावर वेगळे कष्ट घ्यावेत.

घरी अरबी बोलणारं मूल. घरची बोली इजिप्शियन किंवा लेव्हंटाइन (सीरिया-लेबनॉनकडची) असते, परीक्षेची भाषा प्रमाण अरबी. कानाला दोन्ही कळतात, लेखणीला एकही नाही. ‘घरी बोलतो’ एवढ्यावर लँग्वेज ए ठरवू नका.

मँडरिनमध्ये अस्खलित बोलणारं, पण चारशे-पाचशे अक्षरंच वाचणारं मूल. वाचन हाच पाया असल्यामुळे लँग्वेज ए जड जातं. साधी की पारंपरिक अक्षरं हा प्रश्न तुलनेने सोपा. पेपर दोन्हींत मिळतो.

दोन भाषा खरोखर मातृभाषेच्या तोडीच्या असलेलं मूल. त्याला दोन लँग्वेज ए घेता येतात, मग बी घ्यावीच लागत नाही, आणि द्विभाषिक डिप्लोमाचा मार्गही मोकळा होतो. पालकांना हे बहुधा माहीतच नसतं.

७. वर्षाच्या मध्येच नवीन मूल आलं. पातळी झटपट कशी ठरवायची?

मागच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर विसंबू नका. तिथला ‘उत्तम’ हा तिथल्या वर्गाच्या मानाने उत्तम असतो. चाळीस मिनिटांत काम होतं:

पहिली दहा मिनिटं गप्पा. घर, शाळा, मग कालचा दिवस, मग ‘मोठेपणी काय करशील’, शेवटी ‘तुझ्या हाती असतं तर काय बदललं असतंस’. काळ बदलला की मूल कुठे अडखळतं ते ऐका. तिथे त्याची पातळी आहे.

पुढची पंधरा मिनिटं लेखन, एकच विषय, शब्दकोश नाही, फोन नाही. नंतर दहा मिनिटं वाचन: ए२, बी१, बी२ चे तीन छोटे उतारे चढत्या क्रमाने, पहिल्या अडलेल्या ठिकाणी थांबायचं. उरलेली पाच मिनिटं पालकांशी: घरी कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतं, शाळा कोणत्या भाषेतून झाली, भाषेचे आठवड्याला तास किती होते.

बोलणं आणि लिहिणं यांत दोन पातळ्यांचा फरक दिसला तर मूल वर्गातून नाही, घरातून शिकलेलं आहे. त्याला प्रश्न ८ लागू. निर्णय चार आठवडे तात्पुरता ठेवा आणि पालकांना तारीख आधीच सांगा, नाहीतर नंतर खालच्या वर्गात पाठवणं ही शिक्षा वाटते.

८. एकाच वर्गात नवशिकी मुलं आणि घरी तीच भाषा बोलणारी मुलं. दोघांना कसं सांभाळायचं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. नेहमीचा उपाय म्हणजे भाषा येणाऱ्या मुलाला ‘छोटा शिक्षक’ करणं. तो महिनाभर चालतो. मग ते मूल कंटाळतं आणि इतरांची बोलायची हिंमत जाते.

आधी हे ओळखा की घरी भाषा बोलणाऱ्या मुलाच्या चुका वेगळ्याच असतात. फ्रेंचमध्ये ‘बोलणे’ या क्रियापदाची मूळ रूपं, भूतकाळी रूपं आणि ‘तुम्ही’ची रूपं तिन्ही उच्चाराला ‘पार्ले’. नवशिकं मूल ती वेगवेगळी शिकतं म्हणून वेगवेगळी लिहितं. घरी शिकलेलं मूल कानाने लिहितं आणि तिन्ही ठिकाणी हाताला येईल ते लिहितं. स्पॅनिशमध्ये ब आणि व्ह हा उच्चाराचा फरकच नाही, तिथे तेच होतं. या मुलांना व्याकरणाचं कोष्टक पाठ करायला देऊन काही साधत नाही. शुद्धलेखन, औपचारिक भाषाशैली आणि लांब मजकूर हे त्यांचं खरं खाद्य.

वर्ग चालवताना विषय एक, मजकूर दोन. विषय ‘प्रवास’ असेल तर नवशिक्यांना स्टेशनवरची सूचना, दुसऱ्या गटाला त्याच रेल्वेसेवेविरुद्धचं तक्रारपत्र. सुरुवातीची आठ मिनिटं सगळे एकत्र, मधली वीस वेगळी, शेवटची दहा पुन्हा एकत्र, आणि शेवटच्या कामात माहितीची देवाणघेवाण अशी हवी की भाषा येणाऱ्यालाही नवशिक्याकडून काहीतरी मिळवावंच लागेल. वेळापत्रक माहीत फक्त नवशिक्याला, तक्रार करायची आहे फक्त दुसऱ्याला.

गुणदानही वेगळं. एमवायपीत वेगळी फेज लावता येते, ती लावाच. आयजीसीएसईच्या वर्गात असं मूल असेल तर त्याला एक वर्ष आधी परीक्षेला बसवून मोकळं करणं किंवा ‘फर्स्ट लँग्वेज’कडे वळवणं, यावर परीक्षा अधिकाऱ्यांशी वर्षाच्या सुरुवातीलाच बोला. नोंदणीच्या तारखा निघून गेल्यावर काही करता येत नाही.

९. तास पूर्णपणे त्या भाषेतच घ्यायचा का? मधली भाषा म्हणून इंग्रजी वापरली तर?

इथे एक फसवी गोष्ट आहे: वर्गातल्या अर्ध्या मुलांना इंग्रजीही तिसरी भाषा असते. कोरियन घरातलं मूल जर्मनचं व्याकरण इंग्रजीतून समजून घेताना दोनदा भाषांतर करतं. म्हणून इंग्रजीतलं लांबलचक स्पष्टीकरण हा सोपा मार्ग नाहीच.

रोजच्या सूचना, हजेरी, खेळ, दाद, ताकीद हे सगळं पहिल्या आठवड्यापासून त्याच भाषेत. सुमारे चाळीस ठरावीक वाक्यं भिंतीवर चित्रांसह. नवीन व्याकरण आलं की उदाहरणं आधी, नियम नंतर, आणि नियम दोन वाक्यांत इंग्रजीत. मुलांना आपापल्या भाषेत तुलना करू द्या: ‘तुमच्या भाषेत विशेषण नामाच्या आधी की नंतर? लिंगानुसार बदलतं का?’ ज्या भाषांत नामाला लिंगच नसतं त्या मुलांना फ्रेंचची दोन आणि जर्मनची तीन लिंगं डोंगरासारखी वाटतात, आणि हे कळलं की त्यांच्या चुकांचा राग येत नाही.

परीक्षेच्या पेपरमधल्या सूचना कोणत्या भाषेत आहेत ते पाहून सरावात तीच भाषा ठेवा.

१०. किती तासांत मूल कुठवर जाईल? पालक ‘दोन वर्षांत फाडफाड बोलेल ना?’ विचारतात.

हिशेब मांडून दाखवा. आठवड्याला ४५ मिनिटांच्या ३ तासिका, ३६ आठवडे: वर्षाला ८१ तास. सहली, क्रीडादिन, सराव परीक्षा यांत दहा-पंधरा टक्के जातात; हाती ७० च्या आसपास. ११ ते १६ वयापर्यंत पाच वर्षांत सुमारे ३५०. बी१ साठी वर्गातले ३५० ते ४०० तास लागतात असं साधारण मानतात, म्हणजे आयजीसीएसईपर्यंतचा प्रवास नेमका तेवढाच आहे, शिल्लक काही नाही.

भाषा कोणती यावरही बरंच अवलंबून. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषक प्रौढांसाठी स्पॅनिश आणि फ्रेंचला २४ ते ३० आठवडे धरते, तर मँडरिन, जपानी, कोरियन आणि अरबीला ८८ आठवडे, म्हणजे २२०० तास. मुलांना हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण जवळजवळ तिपटीचं गुणोत्तर पालकांना समजतं. मँडरिनच्या मुलाची तुलना शेजारच्या स्पॅनिश वर्गाशी करणाऱ्या मुख्याध्यापकांनाही ते एकदा दाखवावं.

११. आयबीची तोंडी परीक्षा घ्यायची आहे. पायऱ्या काय आणि नेमकं कुठे बिघडतं?

लँग्वेज बीला या परीक्षेचं वजन २५ टक्के, गुण ३०: भाषा १२, मांडणीचा आशय ६, संभाषणाचा आशय ६, संवादकौशल्य ६. शिक्षक सगळ्यांना गुण देतो, ध्वनिमुद्रणांचा नमुना आयबीकडे जातो.

एसएलला दोन न पाहिलेल्या चित्रांतून मूल एक निवडतं. तयारीला १५ मिनिटं. एचएलला वर्गात वाचलेल्या दोन साहित्यकृतींतले, कमाल ३०० शब्दांचे उतारे. तयारीला २० मिनिटं. टिपणं दहा मुद्द्यांपर्यंत, शब्दकोश नाही. मग ३ ते ४ मिनिटं मांडणी, ४ ते ५ मिनिटं त्यावर चर्चा, ५ ते ६ मिनिटं इतर विषयावर चर्चा; एकूण १२ ते १५ मिनिटं. अब इनिशियोला चित्रच, पण एकूण ७ ते १० मिनिटं.

बिघडतं ते असं. एसएलचं मूल चित्रातल्या वस्तू मोजत बसतं, पण ती भाषा बोलणाऱ्या समाजाशी त्याचा संबंध जोडत नाही. मांडणीच्या आशयाचे गुण तिथेच जातात. म्हणून चित्र निवडतानाच पाहा: त्यात त्या संस्कृतीचा काही धागा आहे का? कुठल्याही देशातला असू शकेल असा गुळगुळीत फोटो मुलाला काहीच देत नाही. एचएलचं मूल उताऱ्याऐवजी सबंध कादंबरीची गोष्ट सांगतं. त्याला सरावात एकच सवय लावा: प्रत्येक मुद्दा उताऱ्यातल्या ओळीला टेकलेला हवा. आणि वर्गात ओळ न् ओळ उलगडलेला उतारा परीक्षेला ठेवू नका, पाठांतर ऐकायला मिळेल.

शिक्षकाची चूक वेगळी. तो फार बोलतो. एका दमात तीन प्रश्न विचारतो, मूल शेवटच्याच प्रश्नाचं उत्तर देतं. एक प्रश्न, आणि मग पाच सेकंद गप्प. तो काळ ध्वनिमुद्रणात भयंकर लांब वाटतो, पण मूल बहुधा त्याच पाच सेकंदांत चांगलं वाक्य जुळवतं. चौथ्या मिनिटानंतर मांडणी चालूच असेल तर हळूच चर्चेकडे वळवा, नाहीतर तिसरा भाग उरत नाही.

आखणी: एका खोलीत मूल तयारी करतंय, दुसरीत आधीचं बोलतंय, अशा साखळीत एचएलच्या प्रत्येकाला २० मिनिटं धरा. १४ मुलांना २८० मिनिटं, म्हणजे जवळजवळ पूर्ण दिवस. तयारीच्या खोलीत पर्यवेक्षक लागतो, तो महिनाभर आधी मागा. खोली संगीतवर्गापासून आणि घंटेपासून लांब. ध्वनिमुद्रण मध्ये थांबवायचं नाही. पहिल्या मुलानंतर लगेच फाइल उघडून ऐका. माइक बंद होता हे संध्याकाळी कळणं फार महाग पडतं.

आयजीसीएसईची तऱ्हा उलट आहे. साधारण १० मिनिटांत एक भूमिकासंवाद आणि दोन विषयांवर गप्पा. प्रश्न बोर्डाचे, कुणाला कोणतं कार्ड हेही बोर्डाच्या तक्त्यानुसार. तिथे शिक्षकाने आपल्या मनाने प्रश्न सजवायचे नाहीत, दिलेलेच वाचायचे. आयबीची सवय असलेला शिक्षक इथे घसरतो.

१२. मुलांची भाषा छान आहे, तरी डीपीच्या लेखनात गुण कमी येतात. का?

बहुधा लेखनप्रकार चुकतो. तीनपैकी एक विषय निवडायचा, आणि त्या विषयाखाली दिलेल्या तीन प्रकारांतून (पत्र, ब्लॉग, भाषण वगैरे) एक. सगळे प्रकार सारखे योग्य नसतात, एखादा मुद्दाम विजोड ठेवलेला असतो. ३० पैकी ६ गुण नेमके वाचक, प्रसंग आणि हेतू ओळखून केलेल्या या निवडीचे आहेत. एसएलला २५० ते ४०० शब्द, एचएलला ४५० ते ६००. अब इनिशियोला ७० ते १५० शब्दांची दोन कामं.

सरावात दर आठवड्याला पूर्ण निबंध लिहून घेऊ नका. फक्त पहिली पाच मिनिटं करून घ्या: कोणासाठी, कशासाठी, म्हणून कोणता प्रकार, म्हणून ‘तू’ की ‘आपण’, आणि पहिलं व शेवटचं वाक्य. फ्रेंच, स्पॅनिश, जर्मनमध्ये आदरार्थी रूप मध्येच बदललं की सगळा सूर ढासळतो.

१३. गृहपाठ भाषांतर-यंत्राने किंवा एआयने लिहून आणतात. कसं ओळखायचं, काय करायचं?

ओळखणं सोपं आहे: न शिकवलेला काळ, वयाला न शोभणारा शब्दसाठा, आणि विचारल्यावर स्वतःच्याच वाक्याचा अर्थ सांगता न येणं. तपासणीच्या सॉफ्टवेअरवर मात्र भिस्त नको. बिनचूक लिहिणाऱ्या प्रामाणिक मुलालाही ते पकडतं.

२०२० च्या परीक्षेपासून लँग्वेज बीमध्ये घरी लिहून द्यायचं गुणांचं काम उरलेलं नाही. तोंडी शिक्षकासमोर होते, बाकी सगळं पर्यवेक्षणाखाली. म्हणजे यंत्राने लिहिल्याने मूल अंतिम गुणांत फसवत नाही, फक्त सराव बुडवतं. मुलांना हेच सांगा, भाषणबाजीपेक्षा जास्त लागू पडतं. मग लेखन वर्गात, हाताने, वीस मिनिटांत. आणि घरी ऐकणं, वाचणं, शब्द. यंत्र वापरायचंच असेल तर उलटं: स्वतः लिहिलेला मजकूर त्याला देऊन तीन चुका शोधायच्या आणि प्रत्येकीचं कारण आपल्या शब्दांत लिहायचं.

१४. त्या भाषेचा मी शाळेत एकटाच शिक्षक. माझे गुण बरोबर आहेत हे कसं कळणार?

भाषा वेगळी असली तरी निकष तेच असतात. स्पॅनिशच्या सहकाऱ्याबरोबर बसा, दोघांना येणाऱ्या भाषेतल्या नमुन्यावर दोघांनी वेगळे गुण द्या आणि फरक कुठे पडला ते बोला. आयबीने दिलेली नमुना ध्वनिमुद्रणं गुण झाकून तपासा. शिवाय दुसऱ्या शाळेतला त्याच भाषेचा एक शिक्षक शोधा आणि वर्षातून दोनदा पाच-पाच निनावी पेपरांची अदलाबदल करा. मॉडरेशननंतर (आयबीने नमुना ऐकून तुमचे गुण पडताळल्यावर) गुण खाली आले तर अहवाल वाचताना आधी संवादकौशल्याचा निकष पाहा. ओळखीच्या मुलाला तिथे आपण नकळत सढळ हाताने देतो.

१५. मुलाच्या मातृभाषेचा शाळेत शिक्षकच नाही. मग तिला वाव आहे का?

डीपीमध्ये आहे. लँग्वेज ए साहित्य, स्टँडर्ड पातळीवर, शाळेच्या देखरेखीखाली स्वयंअध्ययनाने करता येतं. आयबीच्या यादीत नसलेल्या भाषांसाठी विशेष विनंती करण्याची सोय आहे, पण ती खूप आधी करावी लागते. म्हणून हा विषय मूल पंधरा-सोळा वर्षांचं असतानाच काढा. भाषेचा शिक्षक बाहेरचा, बहुधा पालकांच्या खर्चाने, आणि शाळेत वेळ व मार्गदर्शन देणारा एक माणूस हवा. तो बहुतेक वेळा तुम्हीच असता, ते तुमच्या तासिकांत मोजलं जाईल हे पाहा (प्रश्न ४).

घरी बोलणारं पण वाचन अजिबात नसलेलं मूल या वाटेला लावू नका. त्याची तपासणी प्रश्न ७ प्रमाणे करा, फक्त लेखनाचे पंधराऐवजी चाळीस मिनिटं द्या आणि विषयाऐवजी एक कविता ठेवा.